पाइपमध्ये अडकलेलं पत्र

दि. ११ सप्टेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. माझी तब्येत बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे? खोलीतल्या नळाला आता सकाळी पाणी येतं. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

ऑफिसात मला 'पुन्हा-बघू' म्हणतात, कारण प्रोग्राम तपासताना पास झालेली चाचणीही मी पुन्हा लावतो. सध्याचं काम असं: एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो आणि दुसऱ्याचं उत्तर पाइपमधून, म्हणजे मशीनच्या आतल्या एका वाटेनं, पहिल्याकडे येतं. तीन मशीनवर तीन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम, तिन्हीकडे हे जमलं पाहिजे. दुपारी मशीनचे पंखे गुणगुणतात, पडद्यातून पिवळा उजेड झिरपतो, आणि अक्षरं त्या पाइपमधून एकामागे एक, झोपेत चालल्यासारखी जाताना मला दिसू लागतात.

आठवडाभर मी पाइपमधून 'ठीक' एवढाच शब्द पाठवत होतो. तिन्हीकडे पास. काल प्रोग्राम लिहिणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अहो पुन्हा-बघू, एका शब्दानं काय डोंबल कळणार? भरपूर मजकूर घाला की!"

हाताशी लांबलचक असं एकच होतं, तुला लिहून न पाठवलेलं पत्र. तेच घातलं. दोन मशीनवर गेलं. तिसरं गप्प.

मॅडमनी कारण शोधलं. तिसऱ्या मशीनवरचा पाइप लहान, तो भरला होता. दुसरा प्रोग्राम जागा मोकळी होण्याची वाट बघत होता, आणि पहिला म्हणत होता, आधी तुझं सगळं संपू दे, मग वाचतो. "बसलेत दोघं एकमेकांची तोंडं बघत!" त्या हसल्या. मग स्क्रीनवरच्या ओळींवर त्यांची नजर गेली आणि त्या हसायच्या थांबल्या.

"हे अजून पाठवलं नाहीत?"

फोनवर मी तुलाही 'ठीक'च पाठवत आलो. ताई, त्या पत्रात होतं ते हेच: मी कॉलेज दुसऱ्या वर्षातच सोडलं. नापास झालो आणि परत गेलोच नाही. ऑफिसात हे माहीत आहे, तुलाच नाही. माझ्या डिग्रीसाठी तू भिंतीवर रिकामी फ्रेम लावलीस, दर रविवारी ती पुसतेस. म्हणून मी घरी यायचं टाळत होतो.

आज मॅडमनी दुरुस्ती केली. संपायची वाट बघायची नाही, येईल तसं वाचत जायचं. तिसऱ्या मशीनवर पत्र शेवटच्या अक्षरापर्यंत आलं. मी तीनदा लावून बघितलं. हे पत्र मात्र पुन्हा न वाचता टपालपेटीत टाकतोय.

रविवारी येतो. तू बोलायला लाग, मी दारापासूनच ऐकत येईन. फ्रेम उतरवायची ठरवलीस तर स्टुलावर मी चढेन. तुझा गुडघा दुखतो.

तुझा,
धाकटा