आधी सलाम कोणाचा

३ ऑगस्ट २०१८, शुक्रवार

भाऊसाहेबांचा पुण्याहून फोन. दिवाळी अंकाचा विषय ‘न्याय’. “सौदीतल्या खोबरच्या उन्हाची पत्रं पुष्कळ झाली. आता काही भरीव द्या!” संपादक म्हणजे संपादकच.

सर जॉन फील्डिंगवर लिहीन म्हणालो. अठराव्या शतकातला लंडनचा मॅजिस्ट्रेट. एकोणिसाव्या वर्षी नौदलात अपघात झाला, डोळे गेले. पुढे डोळ्यांवर काळी पट्टी बांधून न्यायासनावर बसायचा. तीन हजार गुन्हेगार नुसत्या आवाजावरून ओळखायचा म्हणे! गरीब पोरं चोरीला लागण्याआधी त्यांना जहाजावर कामाला धाडायची, हाही त्याचाच उद्योग. आमच्या न्यायशास्त्रात डोळ्यांनी पाहिलेलं ते पहिलं प्रमाण, कानांनी ऐकलेलं ते शेवटचं. या साहेबानं सगळी उतरंडच पालथी घातली.

बायको, शर्मिला, म्हणाली, “आवाजावरून ओळखणारा आमच्याकडेच आहे की. लंडनला कशाला जाताय?”

खरंच. हुसेनमियाँ! तिच्या हॉस्पिटलचा टेलिफोन ऑपरेटर. हर्णैचा. सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत. तुम्ही नुसतं “हॅलो” म्हणा, तो तुमचा वॉर्ड सांगतो.

संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, भेटलाच. दोन वर्षं दर शुक्रवारी आमचा एकच बाक. आजही सलाम आधी मलाच करावा लागला. हा गृहस्थ मी तोंड उघडेपर्यंत ओळखच देत नाही! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे, त्याचा हा तोरा. असो. मी बायकोच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, ‘सोबतचा’ म्हणून राहणारा माणूस. मानपान कोणत्या तोंडानं मागू?

१० ऑगस्ट

हुसेनमियाँला साहेबाची गोष्ट सांगितली. एवढा रंगलेला कधी पाहिला नव्हता.

“तो सही कशी करायचा, पंडितजी?”

“कोणी हात धरून जागा दाखवत असेल.”

“नि खुर्चीपर्यंत जायचा कसा?”

“हातात छडी असायची. पुढे हलवत जायचा.”

“नि लोकांना ठावं होतं, त्याला दिसत नाय ते?”

“अहो, पट्टीच होती डोळ्यांवर!”

“मंग ठीक,” म्हणाला. आणि समुद्राकडे तोंड वळवलं. अशी आस्था भाऊसाहेबांनीसुद्धा कधी दाखवली नाही!

१७ ऑगस्ट

बातमी. ऑपरेटरची जागा सौदी माणसाला द्यायची ठरली. हुसेनमियाँच्या जागी कोणी जवाहर येणार.

“नावावरून सज्जन वाटतो,” मी म्हणालो. “त्याला नीट शिकवा.”

“तो?” हुसेनमियाँ हसता हसता बाकावरून पडायचा बाकी. “पंडितजी, जवाहर पोरगी हाय! इथे ते बायकांचं नाव. सोमवारपासून बाजूला बसत्ये.” पुढे आणखी गंमत. अरबीत ‘अम्मी’ म्हणजे काका. ती याला दिवसभर “अम्मी, अम्मी” करते आणि आपल्याकडच्या नर्सेस तोंडात ओढणी कोंबून हसतात. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर हुसेनमियाँ आई झाला!

हसू ओसरल्यावर म्हणाला, “मॅनेजर बोलला, मेडिकल पास झालात तर वर्षभर ट्रेनर म्हणून ठेवू. नाय तर खलास. हर्णै.”

“मग करून टाका मेडिकल.”

“बघू.”

परत तेच. “बघू.” माणूस डोंगराएवढा धडधाकट, आणि मेडिकलला घाबरतो!

२४ ऑगस्ट

आज मी एक पोरकटपणा केला. लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे.

ठरवलं, आज आधी सलाम करायचा नाही. बघू किती ताणतो. बाकासमोर दोन हातांच्या अंतरावर जाऊन उभा राहिलो. गप्प. त्याच्या हातात तसबीह, त्याची जपमाळ, फिरत होती. माझ्याकडेच पाहत होता – नव्हे, माझ्यातून पाहत होता. एक मिनिट गेलं. शेवटी मीच खाकरलो.

“अरे, पंडितजी! कधी आलात?”

तोरा कसला आणि कसलं काय! मी म्हणालो, “हुसेनमियाँ, माझ्या शर्टाचा रंग कोणता?”

तसबीह थांबली. “पांढरा.” निळा होता.

मग सगळं बोलला. तीन वर्षांपासून धुकं आहे. आता माणसं नुसत्या सावल्या. फोनचे नंबर बोटांना पाठ, कॉर्निशपर्यंतची पावलं मोजलेली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला नाही, कारण कागद मॅनेजरच्या टेबलावर जाईल. “साहेबाला पट्टी होती, पंडितजी. मला तीही बांधता येत नाय.”

आणि मी दोन वर्षं सलाम मोजत बसलो होतो!

२५ ऑगस्ट

शर्मिलाला सांगितलं. आधी मला झापलं, “दोन वर्षं एका बाकावर बसता आणि कळलं नाही? लिहा आता प्रज्ञाचक्षूंवर!” मग थेट त्याला फोन. “हुसेनभाई, उद्या दहा वाजता डोळ्यांच्या ओपीडीत. मी दारात उभी असेन. यल्ला, चला!”

२६ ऑगस्ट

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला पिकलेला! मागचा पडदा शाबूत. ऑपरेशन होईल, दिसेल. तीन वर्षं बिचारा अंधत्वाची तयारी करत होता आणि आत नुसते मोती पिकत होते!

जवाहरला पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे. न बोलता स्क्रीन तीच वाचून दाखवायची. मॅनेजरला मात्र जाऊन सांगून आली, “अम्मीशिवाय मला आवाज कोण शिकवणार?”

७ सप्टेंबर

फील्डिंग पाठवला. भाऊसाहेब म्हणतात, “शेवट फार ओला झालाय.” होऊ दे.

१६ सप्टेंबर

उजवा डोळा झाला. डावा पुढच्या महिन्यात. तोवर कॉर्निश बंद, फोन चालू. फोनवर आधी सलाम तोच करतो.

१८ ऑक्टोबर

मेडिकल पास!! वर्षभराचं पत्र हातात. शर्मिलानं शिरा केला. उद्या शुक्रवार.

१९ ऑक्टोबर

बाकावर तोंड मिटून बसलो होतो. हुसेनमियाँ आला. नवा चष्मा, ताठ चाल, पावलं न मोजता. माझ्याकडे नीट पाहिलं आणि सरळ पुढे गेला! पुढच्या बाकावर एक उंचापुरा, दाट केसांचा पठाण बसला होता. त्याच्यासमोर उभा राहून छातीवर हात ठेवून म्हणाला, “सलाम, पंडितजी!”

मला हसू आवरेना. आवाजासरशी वळला. माझ्या टकलापासून चपलांपर्यंत सावकाश पाहिलं.

“एवढेच?” म्हणाला.