दोन माफीपत्रं

हॅलिफॅक्स, ४ मार्च

ती. एफीआत्यास,
मोरागचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते तू कबूलही करत नाहीस, म्हणून हे पत्र.

मूल व्हावं म्हणून गेल्या वर्षी जे इंजेक्शन घेतलं, त्याच्या काही बॅचेस कंपनीनं परत मागवल्यात. औषधात पुरता जोरच नव्हता म्हणे. सोबत हक्कसोडपत्र आलंय: सही केली की औषधाचे पैसे परत, पण पुढे कधी दावा करायचा नाही.

मी सही करणार आहे. कुणाला न सांगितलेलं तुला सांगते. इंजेक्शनच्या दिवशी धुक्यामुळे माझी फेरीबोट खाडीतच अडकली आणि घरी नीलनं सुई टोचेपर्यंत वीस मिनिटं उशीर झाला; ठरलेली वेळ फक्त मला माहीत होती. सगळं फसल्यावर मी दवाखान्याला सॉरीचं पत्र लिहिलं. आता कोणत्या तोंडानं भांडू? शिवाय नर्स रोझनं माझ्यावर इतकी माया केली! बॅच क्रमांक असलेली रिकामी खोकी नीलनं केव्हाच फेकली. त्या दिवसापासून तो या विषयावर अवाक्षर काढत नाही. मनातून मलाच दोष देत असणार.

सॉरी, तुझ्या डोक्याला ताप दिला.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
मोराग

ग्लेस बे, ११ मार्च

चि. मोरागला एफीआत्याचे अ. आ.

मला उत्तम ऐकू येतं. हल्लीचे लोकच पुटपुटतात.

खबरदार सही केलीस तर! तुझे आजोबा खाणीत गाडले गेले, तेव्हा कंपनीनं माझ्या आईपुढे असाच कागद सरकवला होता. तिनं सही केली, वर साहेबाचे आभार मानले. मी दारात उभी राहून पाहत होते. त्या आभारांची आग अजून माझ्या पोटात आहे. उपकार माणसांचे मानावेत, मोराग, कागदाचे नाही! रोझला ओटची बिस्किटं पाठव, गळ्यात पड तिच्या. पण कंपनीनं तुझ्यावर कोणते उपकार केलेत?

मी वाचनालयात बसून सगळं वाचलं. एकटीनं दावा लावता येतो, किंवा तुझ्यासारख्या बायकांच्या सामुदायिक दाव्यात सामील होता येतं. पण दोष कळल्यापासून दोनच वर्षं मिळतात, तेव्हा झोपून राहू नकोस. आणि सॉरीचं म्हणशील, तर आपण दाराला धडकलो तरी दाराची माफी मागणारी माणसं! म्हणूनच आपल्या प्रांताच्या कायद्यानं लिहून ठेवलंय की माफी म्हणजे दोषाची कबुली नव्हे.

आमच्या युनियनमधल्या जोची मुलगी थेरेसा बूद्रो तिकडे वकील आहे. तिच्याकडे जा. दवाखान्यातून तुझी फाइल मागव. तुझ्या हाती कोणत्या बॅचचं औषध आलं, ते सिद्ध झालं पाहिजे. आणि त्या मुखदुर्बळ नीलला माझे आशीर्वाद सांग.

रागावले असले तरी तुझीच,
एफीआत्या

हॅलिफॅक्स, ९ एप्रिल

ती. एफीआत्यास,
सा. न. वि. वि.

फाइल आली. दवाखान्यानं बॅच क्रमांक कुठेच टिपला नव्हता. थेरेसाचा चेहरा पडला. मग तिनं एक पान उलटलं आणि माझ्यापुढे सरकवलं. माझं माफीपत्र होतंच. त्याच्यामागे दुसरं होतं, नीलचं!

त्यानं लिहिलं होतं की सुई टोचताना त्याचा हात हलला, बहुतेक थेंबभर औषध सांडलं, चूक सगळी त्याची. पण मोरागला सांगू नका, ती आधीच खचलीय. आणि सुई कुठली होती ते तपासता यावं म्हणून औषधाच्या खोक्यावरचं लेबल सोलून पत्राखाली चिकटवलं होतं. आत्या, त्यावर बॅच क्रमांक होता. परत मागवलेल्या बॅचेसच्या यादीतला तिसरा.

घरी आले तेव्हा नील माशांच्या टिक्क्या तळत होता. मी पत्र त्याच्यापुढे धरलं, मग माझी वीस मिनिटं सांगितली. त्यानं मला कधीच दोष दिला नव्हता. त्याला वाटत होतं, मीच त्याला देतेय. टिक्क्या करपल्या. आम्ही त्या तशाच खाल्ल्या.

सामुदायिक दाव्यात माझं नाव घातलंय. जिंकू की नाही, थेरेसा सांगू शकत नाही. वर्षं लागतील म्हणते. मूल होईल की नाही, तेही कुणी सांगू शकत नाही. पण आत्या, तू माझ्या घरात पुन्हा बोलणं आणलंस. रोझला बिस्किटं दिली. तुझे आभार कशानं मानू, ते कळेना, म्हणून हे पत्र हक्कसोडपत्राच्या पाठीवर लिहिलंय. थेरेसानं झेरॉक्स ठेवून घेतलीय. कागद उलटून बघ, सहीची जागा कोरी आहे.

माझी सही या बाजूला.
मोराग

ता. क. नीललाही सही करायची होती, ही त्याची:
नील