तांदळातलं नाव

यॉर्क, ६ जून

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या आईसमोर बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तिचं विसरणं फार वाढलंय गं. तिनं जन्मभर शाळेत इंग्लंडचा इतिहास शिकवला. भान आहे तोवर दाखवून आणू म्हटलं. माझीच हौस अंगाशी आली.

काल एका पडक्या मठात पाण्याची बाटली घ्यायला वळलो, तेवढ्यात ती दिसेनाशी झाली. मीनाक्षी, मीनाक्षी करून घसा बसला. तिथल्या लोकांनी लाउडस्पीकरवरूनही पुकारलं. जवळच भिंतीआड बसली होती, सगळं ऐकत! ओ का दिली नाही विचारलं, तर म्हणाली, कुणा मीनाक्षीला बोलावत होते.

उद्या किल्ल्याची सहल आहे. नको म्हटलं की रडते. बस चुकेल म्हणून आत्तापासून बूट घालून बसली आहे. मला भीती वाटते, पोरी.

आमची आठवण ठेव,
बाबा

पार्सिपनी, ६ जून

ती. बाबांना सा. न.

मला धावत यायचंय हो, पण व्हिसाचं रिन्यूअल अडकलंय. अमेरिकेबाहेर पडले तर परत येता येईल का, हे वकीलही सांगत नाही. ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

शोभनामावशीला फोन केला. ती म्हणाली, मीनाक्षी तुमच्याकडची, आमची ती शैला. लग्नात म्हणे तुम्हीच ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलंत. मला हे माहीतच नव्हतं! आईला आता माहेरचंच आठवत असेल. उद्या शैला म्हणून हाक मारा. आणि हात सोडू नका, प्लीज.

गोळ्या घेताय ना? तुम्हीही विसरलात तर घरात साथच आली म्हणेन.

माया आहेच, ती कळावी,
स्वानंदी

यॉर्क, ७ जून

चि. स्वानंदीस आशीर्वाद.

हात धरला होता, पण बुरुजाच्या अरुंद जिन्यात सुटला. वर पोचलो तर ती कठड्यावरून वाकलेली, खाली खंदक. मीनाक्षी म्हणून ओरडलो. ती आणखीच वाकली. मग शैला म्हटलं. चटकन वळली, हसत आली आणि आपणहून माझा हात धरला.

आणि म्हणाली, काका, मला घरी सोडाल का? आई वाट बघत असेल.

सोडतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

परवा परत निघतोय. तोवर तिला शैलाच म्हणेन, म्हणजे हात सुटला तरी येईल. पण त्या हाकेला येते ती माझी कुणीच नाही गं.

लोभ असू दे. आणि तू तरी मला बाबा म्हणत जा.

मोरेश्वर