बाबा टेकायचे ती भिंत

मुलुंड, रविवार

प्रिय सुशांतदादा,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. हसू नकोस. तिकडे टोरंटोत तू बर्फ उपसून दमतोस, इथे मी भिंती लावून दमले.

तू नेहमी विचारतोस, गेमच्या कंपनीत तू नक्की करतेस काय? घरं बांधते. पण एकेक घर वेगळं नाही. चार-पाच भिंती, दोन खिडक्या, एक जिना, एक छप्पर एवढेच तुकडे करायचे आणि तेच उलटेपालटे जोडून अख्खी वस्ती उभी करायची. मग खऱ्या भिंतींचे फोटो, ओल नि पोपड्यांसकट, त्यावर चढवायचे. खेळणारा त्या गल्लीतून बंदूक घेऊन धावत सुटतो, भिंतीकडे ढुंकून बघत नाही. आणि त्यापायी माझी मान कायमची धरलीय.

या खेपेला चाळ हवी होती. म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला? आपल्याच चाळीतल्या खोलीत पलंगामागच्या भिंतीचा फोटो काढला. गिरणी बंद पडल्यावर बाबा वॉचमनची ड्युटी करून यायचे आणि तिथेच डोकं टेकून बसायचे. त्यांच्या खोबरेल तेलाचा तो गोल डाग आठवतो ना? गणपतीआधी घराला रंग काढला तरी आई तेवढी जागा सोडायला लावायची. बाबा गेल्यावरही लावते.

आमच्या कामात फोटोतला असा डाग आधी पुसायचा असतो, नाहीतर भिंत जितक्यांदा लागेल तितक्यांदा तोच दिसतो. हे मला झोपेतही कळतं, पण हात धजेना. शुक्रवारी माझा टीम लीड ओजस स्क्रीन बघून ओरडलाच, "अगं, वाट लागली ना! प्रत्येक घरात तोच डाग!" बरोबर होतं त्याचं. उद्या पुसायचाय.

त्याआधी आज आईला लॅपटॉपवर दाखवलं. आपली चाळ पाडायची म्हणून सगळे भाड्याच्या घरांत गेले, आपली एकच खोली उरलीय हे तुला ठाऊक आहे. आई काही बिल्डरला किल्ली देत नाही. मला वाटायचं, त्या भिंतीतच जीव अडकलाय तिचा. म्हटलं, बघ, भिंत माझ्याकडे राहील, कुठेही नेऊ. तिने चष्मा लावला. मी एका घरातून दुसऱ्यात फिरवत होते आणि ती प्रत्येक डागापाशी थांबत होती. खुशीत म्हणाली, "बापूस तुझो सगळ्या घरात टेकान बसलो हा."

मग मीच कंटाळले तरी ती बघत राहिली. दारं, जिने, गॅलरी. शेवटी विचारलं, "आणि सुशांत खंयच्या घरात?"

दादा, बाबांच्या वेळी तुला येता आलं नाही, त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. मला राग आला होता, अजूनही आहे. पण ती भिंतीसाठी अडून बसलेली नाही रे. तू येशील तेव्हा घर याच दाराआड सापडावं, म्हणून बसलीय. तिला काय सांगू, तू कुठल्या घरात? मी रिकामी घरं बांधते, माणसं बनवणारी टीम वेगळी असते. मी फार थकलेय. सुट्टी काढ आणि ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
अक्षता