मशीनची मोटर काढली

चिमे,

काल तू न जेवता झोपलीस. तुझ्या वाटणीचं झाकून ठेवलंय. ते आधी खा, मग काय भांडायचं ते भांड.

मी शिलाई मशीनचा चामडी पट्टा आणायला चाललोय. नर्सबाई आल्या तर त्यांच्या कोटाच्या फक्त गुंड्या राहिल्यात म्हणून सांग.

माझी रक्तातली साखर काठावर आलीय, मला कळतं. पण बागेतल्या त्या मंडळींबरोबर हात वर करून टाळ्या पिटणं माझ्याच्यानं होणार नाही. फिरायला म्हणून निघतो आणि कोपऱ्यावरून परततो, हे तुलाही ठाऊक आहे. शेवटी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. म्हणाल्या, "मास्तर, जो व्यायाम रोज आवडीनं कराल, तोच धरा." मला पायडल मारायला आवडतं. उभा जन्म पायाच्या मशीनवर गेला, तेव्हा कुठे होती साखर?

म्हणून मोटर काढली. ओरडू नकोस. साखरेमुळे आईचा उजवा पाय कापला तेव्हा तिला शिवता यावं म्हणून आपण ती बसवली होती. आई गेली, तरी मोटर काढायला माझा हात धजला नाही. पायाचं बोट टेकवायचं आणि बसल्या जागी शिवत राहायचं, असंच चाललं होतं.

"तुम्हालाही आईसारखंच जायचंय का?" असं काल विचारलंस. नाही गं, जायचं नाहीये.

आईची ती उजवी चप्पल कपाटात वर आहे ना, कोरी राहिलेली? मोटर पुसून तिच्याशेजारी ठेवलीय. भंगारात देऊ नकोस.

बाबा