नऊ कोंबड्या आणि एक देखणा अर्ज

प्रिय ताई,

मी फोनवर बोलायचं टाळतोय हे तू ओळखलंच असशील, म्हणून लिहितो. आईची तब्येत बरी आहे, राग मात्र शिगेला पोचलाय. गेल्या सोमवारी नगरपालिकेची नोटीस आली. राहत्या घराच्या आवारात सहापेक्षा जास्त कोंबड्या नकोत, आणि खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून पंधरा फूट लांब हवं. आपल्या नऊ आहेत, आणि बाबांनी जुन्या दारांच्या फळ्या जोडून केलेलं खुराडं अकरा फुटांवर. मी दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा फीत जरा सैल धरली, तरी अकराच. मंगळवारी दहा वाजता निरीक्षक येणार, आणि सोबत खुराडं उचलून न्यायला गाडी.

तीन कोंबड्या कुणाला तरी देऊ, असं मी सुचवून पाहिलं. आईने असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. आपल्या दोघांचे एवढे लाड तिने कधी केले नाहीत बघ. बाबा गेल्यापासून सकाळी ती पहिलं बोलते ते कोंबड्यांशीच. शेवटी तीन जातील तर जाऊ देत म्हणाली, पण खुराड्याला कुणी हात लावायचा नाही. बाबांच्या हातचं ते शेवटचं काम.

तक्रार कुणी केली याचा निकाल तिने तासाभरात लावला. भिंतीपलीकडची शिंपीणकाकू! वीस वर्षं दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहाचे कप देत-घेत आल्या, ती खिडकी आता बंद आहे. काकू दोनदा दाराशी आली, आईने कडी काढली नाही. मग काकूने एक कागद दाराखालून सरकवला. आईने तो न वाचताच शेगडीत घातला. काल काकूने मला रस्त्यात गाठून सांगितलं, की आपली काही हरकत नाही असं त्यावर लिहून तिने सही केली होती. ताई, शेजाऱ्याची लेखी संमती असली तर अंतराची अट माफ होते, नोटिशीतच लिहिलंय. काकू दुसरा कागद द्यायला तयार आहे, पण आईने स्वतः येऊन मागितला तरच. मलाही काही मान आहे की नाही, म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

आता तुझ्यापासून लपवलेलं सांगतो. थंडीत आईचा पाय मुरगळला असं तुला कळवलं होतं, ते खोटं. दाणे टाकायला जाताना ती खुराड्याजवळच्या ओल्या पायरीवरून पडली आणि पाऊण तास तशीच होती. मी घरातच होतो, रेडिओ मोठ्याने लावून पाटी रंगवत. तिची हाक ऐकली काकूने. या वयात भिंतीला शिडी लावून ती पलीकडून आली. तेव्हापासून पहाटे मागच्या दाराची कडी वाजली की मी उठून खिडकीशी जातो. पण कोंबड्या पुरे झाल्या असं आईला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

ताई, तक्रार मी केली. निनावी. जे मला बोलता येत नव्हतं ते नियमाने बोलावं, एवढाच माझा भेकड विचार. अक्षर लपवायला डाव्या हाताने लिहून पाहिलं, पण तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला ते गिचमिड बघवेना. शेवटी उजव्याच हाताने, समास सोडून, देखणा अर्ज लिहिला. मंगळवारी निरीक्षक तो आईला दाखवणार, तिनेच तशी मागणी केलीय. हे अक्षर तिने माझा हात धरून गिरवून घेतलंय, पहिल्या ओळीतच ओळखेल. पण तोवर गाडी दारात उभी असेल. म्हणून आज जेवणाआधी मीच तिला सांगणार आहे. मग ती मला काहीही बोलो, काकूच्या दाराशी तरी जाईल. हे पत्र आधी पेटीत टाकतोय, म्हणजे मला शेपूट घालता येणार नाही. तीन कोंबड्यांपुरती जागा तुझ्याकडे असेल तर कळव. आणि चार दिवस माझ्यापुरतीही.

तुझाच,
धाकटा