बूट दाराबाहेर

६ जून
पोहोचले एकदाची उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर! बंद पडलेल्या कोळसाखाणीचं गाव, रात्रीसुद्धा लख्ख ऊन, आणि लाल लाकडी घर अख्खं माझं. आनंदाच्या भरात बुटांसकट आत शिरले, तर शेजारीण टोरुन अशी खेकसली की बस. म्हणे, कोळशानं माखलेले खाणीतले गडीसुद्धा बूट दाराबाहेर काढायचे, तू कोण लागून गेलीस? मग तिनंच गरम वॅफल आणि तपकिरी चीज खाऊ घातलं. फटकळ आहे, पण मायाळू.

९ जून
काम सोपं. खाणीबाहेरच्या टाकाऊ दगडाच्या ढिगाऱ्यात किरणोत्सर्ग किती, ते मोजायचं. इथला बांधकामप्रमुख स्टायनार तोच दगड नव्या पाळणाघराखाली भराव म्हणून टाकणार आहे. आज ढिगाऱ्यावर किरणोत्सर्ग-मापक असा कडकडला की मीच दचकले. नमुन्यांची गोणी घरी आणली. स्टायनारला बजावलं, हा दगड पोरांखाली जाणार नाही. तो हसला. आमचे बाप ह्याच दगडावर जगले, म्हणाला. मी विचारलं, जगले, की खोकून खोकून मेले? त्याचं हसू गेलं.

११ जून
दाराबाहेर माझ्या बुटांशेजारी एक जोड, जुने, जड. आत जिन्यापर्यंत अनवाणी पावलं, काळीकुट्ट. मापक धरला, तर तोच कडकडाट. स्टायनारचेच चाळे, दुसरं काय! असल्या भुतांना मी भीक घालत नाही. फरशी पुसून टाकली.

१२ जून
आज चार जोड. पावलं गोणीभोवती. टोरुन बघून पांढरी पडली. म्हणाली, खाणीतल्या मेलेल्या गड्यांचे श्वास त्या धुळीत गेलेत गं, दगड जाईल तिथं तेही जातात. फेकून ये ती गोणी.
आणि पुरावा? उद्याच्या बोटीनं तो प्रयोगशाळेत जाणार म्हणजे जाणार.
घाबरलेय. खोटं कशाला बोलू? पण टोरुनची नात त्याच पाळणाघरात जाणार आहे.

१३ जून
बोट दुपारी. बाहेर बुटांची रांग. खोकला — आधी जिन्यात, आता भिंतीपलीकडे.

स्टायनार आला. बुटांसकट. काढ म्हटलं, ऐकलं नाही. गोणी खांद्यावर टाकून निघाला —
खोकला थांबला.

धप्पकन गोणी पडली. धावले. स्टायनार नाही. त्याचे बूट दाराबाहेर, रांगेत, नीट जोडीनं. नाड्या अजून बांधलेल्या.

गोणी मांडीवर घेऊन लिहितेय. पावलं माझ्याकडे वळलीत — या. बूट काढलेत, शहाणे आहात. हवं तर बोटीवरही या. पण ही गोणी सोडायची नाही. पाळणाघराखाली हा दगड मी जाऊ देणार ना—